बहुपर्यायी प्रश्न काढताय? चुकीच्या पर्यायांतल्या या चुका टाळा

बडोद्यात शाळेची चाचणी असो वा मराठी मंडळाची सामान्यज्ञान स्पर्धा, प्रश्न काढणाऱ्याचा जीव प्रश्नात अडकलेला असतो. चुकीचे तीन पर्याय शेवटी घाईघाईने भरले जातात आणि पेपर तिथेच फसतो.

कुणीच निवडणार नाही असे पर्याय

'संपूर्ण बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण कधी लागू झाले?' उत्तर १९०६. सोबत १७५७, १८५७ आणि १९५० दिले, तर ते लागू करणारे महाराज सयाजीराव गायकवाड साधारण कोणत्या काळातले एवढे ठाऊक असलेला मुलगाही सुटतो. त्याऐवजी १८८१ (महाराजांच्या हाती कारभार आला), १८९३ (संस्थानातल्या अमरेलीत सक्तीचा प्रयोग सुरू झाला) आणि १९०८ (बँक ऑफ बडोदाची स्थापना) ठेवा. १८९३ वर खूण करणाऱ्याने धडा वाचलाय, पण प्रयोग आणि सार्वत्रिक सक्ती यांची गल्लत केलीय. फक्त प्रश्नातला 'संपूर्ण' हा शब्द गाळू नका, नाहीतर १८९३ वाला गुण मागायला येईल आणि त्याचे खरेही असेल.

असे पर्याय सुचत नसतील तर तोच प्रश्न पर्यायांशिवाय वीस-पंचवीस मुलांना द्या. ज्या चुका वारंवार येतील त्याच उचला.

गणितात चुका आधीच करून पाहाव्या लागतात. ८०० रुपयांच्या वस्तूवर १५% सूट, मग उरलेल्या रकमेवर ५% कर: उत्तर ७१४. कर विसरला तर ६८०, करही वजा केला तर ६४६, मूळ किमतीवर कर धरला तर ७२०. पण १५ मधून ५ वजा करून थेट १०% सूट धरली तरी ७२०च येतात. मुलाची नेमकी चूक शोधायची असेल तर या दोन चुका वेगळ्या पाडाव्या लागतील. दोन्ही चुकांत सूट आणि कर मूळ किमतीवरच धरले जात असल्याने नुसते आकडे बदलून भागणार नाही. सूटच दोन टप्प्यांत द्या किंवा कच्चे काम लिहायला लावा.

व्याकरणाने उत्तर फुटणे

मराठीत हा धोका मोठा. 'अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांनी बडोद्यात उभी केलेली ____' आणि पर्याय: कलाभवन, संग्रहालय, सेंट्रल लायब्ररी, कॉलेज. 'उभी' या एका शब्दाने तीन पर्याय गळाले (आणि 'ग्रंथपाल' शब्दाने उरलेसुरलेही सांगून टाकले!). 'बोर्डन यांनी बडोद्यात कोणत्या संस्थेची उभारणी केली?' असे विचारा.

बरोबर पर्याय सगळ्यांत लांब नको. 'वरीलपैकी सर्व' टाळा. दोन पर्याय बरोबर आहेत हे कळले की तिसरा वाचायची गरजच उरत नाही. साल व आकडे चढत्या क्रमाने लावा. चौथा दमदार पर्याय मिळत नसेल तर तीनच ठेवा, भरतीचा नको.

पेपर तपासल्यावर

शंभर मुलांचे पेपर असतील तर एकूण गुणांनुसार वरची २७ आणि खालची २७ वेगळी काढा. प्रत्येक पर्याय कोणत्या गटातल्या किती जणांनी निवडला ते मोजा. पूर्ण वर्गात पाचापेक्षा कमी मुलांनी घेतलेला चुकीचा पर्याय बहुधा निकामी. प्रश्न फारच सोपा असेल तर मात्र दोष पर्यायाचा नाही. चुकीचा पर्याय खालच्या गटापेक्षा वरच्या गटाने जास्त निवडला असेल तर आधी उत्तरतालिका पाहा, मग प्रश्नाची शब्दरचना. तालिका चुकली असेल तर सगळे पेपर पुन्हा तपासा. प्रश्नच संदिग्ध निघाला तर तो रद्द करा.