डूम्सडे बुकातली एक नोंद कशी वाचायची: बर्मिंगहॅम, १०८६

मध्ययुगीन युरोपातली सरंजामशाही समजून घ्यायची असेल, तर राजा, सरदार, शिलेदार, कुळं अशी उतरंड पाठ करण्यापेक्षा एका गावची नोंद ओळीओळीने सोडवावी. डूम्सडे बुक त्यासाठीच उघडायचं. विल्यम राजाने १०८५ च्या नाताळात ग्लूस्टरला इंग्लंडच्या पाहणीचा हुकूम काढला आणि पुढच्या वर्षी गावोगाव चौकशी झाली. त्या पाहणीची नोंदवही म्हणजेच डूम्सडे बुक. सरावाला तेव्हाच्या वॉरिकशायरमधलं बर्मिंगहॅम घ्या. लॅटिन नोंदीचा मजकूर एवढाच आहे (शेरी म्हणजे मालकाने स्वतःसाठी राखलेली जमीन, व्हिलन आणि बोर्डार ही कुळं; हाइड आणि नांगर पुढे उलगडतील):

विल्यमकडून रिचर्ड बर्मिंगहॅममध्ये ४ हाइड धरून आहे. जमीन ६ नांगरांची. शेरीत १ नांगर. ५ व्हिलन आणि ४ बोर्डार, त्यांचे २ नांगर. जंगल अर्धा लीग लांब, २ फर्लांग रुंद. मोल २० शिलिंग होतं आणि आहे. एडवर्ड राजाच्या काळी वुल्फविन ती मोकळेपणी धरून होता.

आधी माणसं लावून घ्या. इथला विल्यम म्हणजे राजा नव्हे. नवखे वाचक इथेच हमखास फसतात. प्रत्येक परगण्याच्या सुरुवातीला थेट राजाकडून जमीन धरणाऱ्यांची यादी असते आणि राजाच्या स्वतःच्या जमिनी सगळ्यांच्या आधी येतात. आपली नोंद कोणाच्या प्रकरणात पडते ते तिथे पाहा. हा विल्यम फिट्झ अन्सकल्फ, डडलीचा सरदार. म्हणजे साखळी अशी: राजा, त्याच्याकडून विल्यम, विल्यमकडून रिचर्ड, आणि रिचर्डच्या हाताखाली नऊ कुळं.

‘धरून आहे’ हे क्रियापद नजरेतून सुटू देऊ नका. सारी व्यवस्था त्यावर उभी आहे. विल्यम आणि रिचर्ड, दोघांपैकी कोणीच जमिनीचा पूर्ण मालक नाही. धरणाऱ्याने वरच्याच्या हातात हात देऊन इमानाची शपथ घ्यायची, बोलावलं की लढायला जायचं आणि त्या बदल्यात जमीन धरायची. तो वारला तर वारसाने नजराणा भरून ती पुन्हा मिळवायची. वारस अज्ञान असेल तर तो वयात येईपर्यंत त्याची जमीन वरच्याच्या ताब्यात. आपल्याकडच्या सरंजामाशी याचं साम्य दिसतं, पण सरंजामदाराला फौजेच्या खर्चासाठी मुलखाचा वसूल तोडून दिलेला असे. दोन्हींना एकच शब्द वापरला म्हणून दोन्ही एकच समजू नयेत.

वुल्फविनचं नाव शेवटी येतं, पण खरी उलथापालथ तिथेच आहे. १०६६ मध्ये एडवर्ड राजा वारला आणि त्याच वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. या विजयानंतर इंग्रज जमीनदारांच्या जागी त्याने आपली माणसं बसवली. इंग्लंडची साखळी इतकी सरळ दिसते ती त्यामुळे. फ्रान्समध्ये तसं नव्हतं. तिथे कॅरोलिंजियन घराण्याचे राजे दुबळे पडत गेले तसे काउंट, म्हणजे राजाचे प्रांताधिकारी, आणि गढीवाले आपापल्या भागात स्वतःच सत्ता धरून बसले, आणि एकच माणूस दोन-तीन मालकांचा बांधील असायचा. विल्यम राजाला हा धोका ठाऊक होता. १ ऑगस्ट १०८६ ला सॉल्झबरीला त्याने मातब्बर जमीनधारकांकडून थेट आपल्याशी इमानाची शपथ घेतली, मग ते कोणाचेही बांधील असोत.

आता आकडे. हाइड म्हणजे १२० एकर असं पुस्तकात सापडेल, पण मोजणीच्या साखळीसारखा तो वापरू नका. हाइड हा कराच्या आकारणीचा एकक आहे. खरी शेतजमीन किती, ते नांगर सांगतात. एक नांगर म्हणजे आठ बैल. जमीन सहा नांगरांची असताना चालतात तीनच: एक मालकाच्या शेरीत, दोन कुळांचे. निम्मी ताकद कमी, हे लगेच टिपून ठेवा.

कुळांच्या दोन नांगरांचे बैल सोळा, घरं नऊ. म्हणजे घरामागे दोन बैलसुद्धा नाहीत. जड मातीचा तो नांगर एकट्याने ओढवणं शक्यच नव्हतं. शेजाऱ्यांनी बैल जोडूनच नांगरणी व्हायची. अशा तपशिलातून गाव डोळ्यांपुढे उभं राहतं.

माणसं मोजताना दुसरी चूक होते. नऊ म्हणजे नऊ माणसं नव्हेत, नऊ कुटुंबप्रमुख. चार ते पाचने गुणा: साधारण चाळीस माणसं. व्हिलनकडे जमीन जास्त, बोर्डारकडे थोडी. गुलाम हा वेगळा वर्ग. इतर अनेक गावांच्या नोंदींत तो सापडतो, इथे नाही.

जंगलासाठी लीग साधारण दीड मैलाचा धरतात. म्हणजे सुमारे १,२०० मीटर लांब आणि ४०० मीटर रुंद. हे ढोबळच समजा.

२० शिलिंग म्हणजे एक पाउंड, २४० चांदीच्या पेनी. ही विक्रीची किंमत नाही, मालकाला वर्षाला मिळणारी आवक आहे. शेजारी कर ठेवून पाहा. १०८४ ला हाइडमागे ६ शिलिंग कर बसला होता. त्या दराने चार हाइडचे २४ शिलिंग होतात, वर्षाच्या आवकेपेक्षा जास्त. शेरीच्या जमिनीला बऱ्याचदा सूट मिळे, त्यामुळे प्रत्यक्ष भरणा कमी असू शकतो, पण राजाला आकारणी नव्याने तपासावीशी का वाटली असेल ते या गणितावरून कळतं.

काही गोष्टी या नोंदीत शोधूच नका. कुळाने आठवड्यात किती दिवस शेरीत वेठ करायची, ते पुढच्या काळातल्या मॅनरच्या, म्हणजे सरदाराच्या जहागिरीच्या, कागदांत मिळतं. रिचर्डकडून किती शिलेदार देणं होतं, तेही इथे नाही. सरदारांकडच्या शिलेदारांची मोजदाद दुसऱ्या हेन्रीने ११६६ मध्ये करवली. आणि ‘अमुक हाइडला एक शिलेदार’ असा दर लावून हिशेब जुळवायला जाल तर फसाल, कारण असा एकच दर सगळीकडे लागू नव्हता.