अ‍ॅल्युमिनात ग्राफीन मिसळताय? भट्टीला दोष देण्याआधी या चुका टाळा

अ‍ॅल्युमिना म्हणजे वीज न वाहणारं, ठिसूळ सिरॅमिक; ग्राफीन म्हणजे कार्बनचे अतिपातळ पापुद्रे. वहन आणि चिवटपणा यावा म्हणून दोघांची पूड मिसळून चकती भाजतात. चकती बाहेर आली, मीटर लावला, वीज वाहतेय! थांबा, पेढे नंतर वाटा. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगचा (दाब आणि विजेचा प्रवाह देऊन पूड घट्ट भाजण्याचा) साचा ग्रॅफाइटचा, आतलं अस्तरही ग्रॅफाइटचंच. ते चकतीला चिकटतं आणि वीज त्या सालीतून धावते. सगळ्या बाजू घासा, मग चार टोकांच्या प्रोबने मोजा. दोनच टोकं लावली तर जोडणीचा रोधही आकड्यात मिसळतो.

घासल्यावर वहन गेलं? मग मिश्रणाकडे वळा. पिठल्यात कोरडं बेसन भसकन टाकलं की काय होतं ते ठाऊक आहेच. ग्राफीनच्या पापुद्र्यांचं तसंच. ते एकमेकांना चिकटतात. गुठळी म्हणजे आत ठेवलेली आयती भेग: वीजही पुढे जात नाही, चकतीही तिथूनच फुटते. अल्ट्रासोनिकने (द्रवात ध्वनिलहरी सोडून) आधी पापुद्रे सुटे करा, मग बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या भांड्यात) पूड घाला. पण तासन्‌तास अल्ट्रासोनिक लावून पापुद्र्यांचा चुराही करू नका, भेग पसरू नये म्हणून तिच्यावर पूल बांधायला पापुद्र्यांची लांबी लागते. सगळ्यात जास्त माती होते ती वाळवताना. रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलेल्या भांड्यात जड अ‍ॅल्युमिना खाली बसतो आणि दिवसभराची मेहनत थरांत वाटली जाते. ढवळत वाळवा किंवा फ्रीझ-ड्राय करा (गोठवून निर्वातात सुकवा). माझी पसंती ग्राफीन ऑक्साइडला (ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनला): पाण्यात त्यावर ऋण भार, किंचित आम्ल पाण्यात अ‍ॅल्युमिनावर धन, दोघं आपणच बिलगतात.

‘पाच टक्के’ वजनाने की घनफळाने? वजनाने पाच म्हणजे घनफळाने जवळपास पावणेनऊ. पापुद्रे एकमेकांना टेकून वहनाचं जाळं साधारण ३ टक्के घनफळाला जुळतं, त्यामुळे हा घोळ महाग पडतो.

चकती पांढरी निघाली तर ग्राफीन जळालं. हवेत ते ६०० अंशांच्या आसपासच जातं, म्हणून भट्टीत निर्वात किंवा आर्गॉन वायू लागतोच.

चिवटपणाच्या आकड्यांनी हुरळू नका. २०११ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या गटाने सिलिकॉन नायट्राइडमध्ये (दुसऱ्या एका सिरॅमिकमध्ये) घनफळाने १.५ टक्के ग्राफीनने तो २.८ वरून ६.६ MPa·√m वर नेला, पण तो टोकदार सुई दाबून उठलेल्या सूक्ष्म ठशावरून मोजलेला. खाच पाडलेली पट्टी वाकवून तोडणं जास्त भरवशाचं.

दाबाखाली पापुद्रे आडवे झोपतात, म्हणून आडवं वहन उभ्यापेक्षा जास्त. पट्ट्या कापण्याआधी दाबाची दिशा लिहून ठेवा. पेन्सिलीने मात्र नको, तेही ग्रॅफाइटच.