रणजीसाठी वेगवान गोलंदाज तयार करताना: जुन्या चेंडूचा सराव

रणजी स्पर्धेत एसजी कंपनीचा चेंडू वापरतात. त्याची शिवण हाताची आणि ठळक, त्यामुळे नवा असताना शिवणीवर (सीम) काम भागतं. खरी परीक्षा कोरड्या, खरखरीत खेळपट्टीवर, लकाकी उतरल्यावर होते. दुसरा नवा चेंडू 80 षटकांनंतरच मिळतो. म्हणून नेट्समध्ये पोरांना सतत कोरे चेंडू देणं बंद करा. निम्मा वेळ 40-50 षटकं जुना चेंडू द्या.

रिव्हर्स स्विंगसाठी, म्हणजे जुना चेंडू हवेत नेहमीच्या उलट दिशेला वळावा म्हणून, एकच बाजू चमकवायची, तीही फक्त घामाने. थुंकीला बंदी आहे. दुसरी बाजू ठणठणीत कोरडी ठेवायची. एका क्षेत्ररक्षकाचा ओला तळवा लागला तरी मेहनत पाण्यात. त्यामुळे चेंडू गोलंदाजाकडे मोजक्याच हातांतून जाऊ द्या. नखाने खरवडणं म्हणजे चेंडूशी छेडछाड, थेट दंड.

आता पकड. शिवण पहिल्या स्लिपकडे आणि चमकती बाजू लेगकडे ठेवली, तर नवा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो. रिव्हर्स सुरू झाल्यावर तोच चेंडू आत येतो, चमकत्या बाजूकडे. मनगट कललं तर शिवण डगमगते आणि सगळं फसतं. यष्टींपासून साधारण 5 मीटरवर खुणेचा शंकू (कोन) ठेवून तिथे मारा करायला लावा. आखूड टप्प्यावर वळायला अंतरच उरत नाही, शिवाय अशा खेळपट्टीवर उसळीही मिळत नाही.

वेग कमी असणाऱ्यांनी रिव्हर्सचा हट्ट सोडून कटर, म्हणजे बोटांनी कापून टप्प्यावर वळणारा चेंडू, शिकावा.