घरगुती भाजणीच्या विक्रीची पहिली बैठक
दिवाळीपूर्वी घरच्या चकली-भाजणीची विक्री करायची असेल, तर पहिल्या बैठकीला सहा-सात शेजारणींनाच बोलवावे आणि पाठ केलेले भाषण टाळून सरळ सोऱ्या हाती घ्यावा, कारण हात ओळखीच्या कामात गुंतले की आवाजातील कंप आपोआप जातो. मोहन (पिठात घातलेले गरम तेल) जास्त झाल्याने एखादी चकली सर्वांसमोर तेलात विरघळलीच, तर ती न लपवता कारण सांगावे, उंड्यात थोडी कोरडी भाजणी मळावी आणि दुसरी चकली पाडावी. माझ्या मते विक्री याच क्षणी होते. बोलण्याची ढब उसनी घेऊ नये. वाटीच्या मापाने सांगायची सवय असेल, तर चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभराडाळ आणि एक वाटी उडीदडाळ, असेच सांगावे. पाकिटावर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी नोंदणी क्रमांक असावा आणि भाव मात्र चव देण्याआधीच सांगावा.