गरोदरपणात परदेश प्रवास: आधी परतीची तारीख बघा

परदेशी जायचं ठरलं की सगळे आधी निघायची तारीख बघतात. गरोदर असाल तर उलटं करा. विमान कंपन्या आठवडे मोजतात ते प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी. जाताना सव्विसावा आठवडा चालू असेल आणि महिनाभराने परतायचं असेल, तर येताना तिसावा लागलेला असतो, आणि २८ आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात. एकच बाळ असेल तर साधारण ३६ आठवड्यांपर्यंत आणि जुळं असेल तर ३२ पर्यंत विमानात घेतात. हे नियम कंपनीगणिक बदलतात. वाटेत दुसऱ्या कंपनीचं विमान पकडायचं असेल तर तिचेही नियम वाचा.

प्रवासाला सर्वांत सोयीचा काळ १४ ते २८ आठवड्यांचा. त्याआधी मळमळ आणि थकवा पिच्छा सोडत नाही, नंतर बसणं-उठणंच अवघड होतं.

पायरी १: डॉक्टरांना नेमकं विचारा

“मी जाऊ का?” एवढंच विचारलंत तर उत्तरही मोघम मिळेल. कुठल्या देशात, विमानात किती तास, तिथे प्रसूतीची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल किती लांब, हे सगळं सांगून विचारा. निघण्याआधी सोनोग्राफी झालेली असावी. गर्भ गर्भाशयातच आहे ना आणि पुढच्या महिन्यांत वार (प्लासेंटा) कुठे आहे, हे त्यातून कळतं. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तर डॉक्टर जाऊ नका म्हणतील आणि ते ऐकावं.

लसींचा विषय त्याच भेटीत काढा. फ्लूची इंजेक्शनची लस गरोदरपणात चालते; गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. पिवळ्या तापाची लसही शक्यतो टाळतात, आणि काही देशांत तिच्या दाखल्याशिवाय प्रवेश नाही. जिथे झिका किंवा मलेरिया आहे तिथली सहल पुढे ढकलता येत असेल तर ढकलाच. झिकाने बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते आणि गरोदर बाईला मलेरिया झाला तर तो जास्त गंभीर होतो. जाणं टळतच नसेल तर मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडूनच घ्या. त्यातली डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात घेत नाहीत.

पायरी २: विमा बारीक अक्षरांसकट वाचा

कंटाळवाणं काम आहे, पण खरा पैशाचा फटका इथेच बसतो. विमा कंपनीला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर घ्या: गरोदरपणातली गुंतागुंत कितव्या आठवड्यापर्यंत धरली आहे? बाळ वेळेआधी जन्मलं तर त्याच्या अतिदक्षता विभागाचा खर्च कोण देणार? ऐनवेळी डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलं तर तिकिटाचे पैसे परत मिळतात का? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेकदा समोरून मोघम उत्तर येतं. त्याच प्रश्नाला धरून बसा.

पायरी ३: हाताशी राहील अशी पिशवी

कागदपत्रं आणि औषधं सामानात टाकू नका, जवळ ठेवा. तपासण्यांची फाइल, प्रसूतीची अपेक्षित तारीख, प्रवासाला हरकत नसल्याचं पत्र, आणि रक्तगट. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो ठळक लिहा, कारण रक्तस्राव झाल्यास अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं आणि ते ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँड देशोदेशी बदलतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका, विशेषतः २० आठवड्यांनंतर.

पायरी ४: विमानात

कडेची जागा घ्या. जेवणाची ट्रॉली वाटेत उभी राहिली की पंधरा-वीस मिनिटं कोंडल्यासारखं होतं, म्हणून ट्रॉली दिसायच्या आधीच लघवीला जाऊन या. पट्टा पोटावरून घ्यायचा नाही: पोट हाताने जरा वर उचला, पट्टा त्याखालून कमरेच्या हाडांवर आणा आणि घट्ट करा. पुरत नसेल तर जोडपट्टा मागा, तो विमानात असतो.

केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा असतो. पोटातला वायू त्यामुळे फुगतो, म्हणून सोडा आणि फसफसणारी पेयं आदल्या जेवणापासूनच बंद. निरोगी गरोदरपणात या दाबाने बाळाला धोका नसतो. सुरक्षा तपासणीच्या यंत्राचीही भीती नको. तरी मनात शंका राहत असेल तर हाताने तपासा म्हणून सांगा.

खरी काळजी पायांची. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, आणि चार तासांहून जास्त बसून राहिलं तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारून कॉम्प्रेशन मोजे (पाय घट्ट दाबून धरणारे) घ्या आणि पाय सुजायच्या आत, सकाळी उठल्याउठल्या घाला. तासा-दीड तासाने उठून चाला, बसल्या बसल्या घोटे फिरवत राहा. बूट सैल करा, पण काढून ठेवू नका. उतरताना ते पायात जाणार नाहीत.

पायरी ५: रोजचा त्रास, नव्या गावी

मळमळ रिकाम्या पोटी वाढते. उशाशी कोरडी बिस्किटं ठेवा आणि उठायच्या आधी दोन खा. आलं बऱ्याच जणींना मानवतं. मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराच्या बाजूला तीन बोटं, हाताला लागणाऱ्या दोन ताठ स्नायुबंधांच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा. प्रत्येकीला उपयोग होतोच असं नाही, पण त्यात गमावण्यासारखं काही नाही.

छातीत जळजळ होत असेल तर थोडं थोडं खा आणि जेवणानंतर दोन-तीन तास आडवं होऊ नका. जळजळीचं औषध आणि लोहाची गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, एरवी लोह अंगी लागत नाही. पोट साफ होत नसेल तर पाणी, फळं आणि चालणं. प्रवासात तिन्हींची आबाळ होते, म्हणून घड्याळ लावून पाणी प्या. रात्री पोटरीत गोळा आला तर पाय ताठ करून पंजा स्वतःकडे ओढा. कंबर दुखत असेल तर कुशीवर झोपून गुडघ्यांत उशी घ्या.

खाण्यात कच्चं मांस, कच्चे मासे आणि न तापवलेलं दूध व त्याचं चीज टाळा. पाण्याची खात्री नसेल तिथे बर्फही नको. जुलाब लागले तर आधी ओआरएस. गरम पाण्याच्या टबात डुंबणं आणि स्कूबा डायव्हिंग या खेपेला राहू द्या.

पायरी ६: हे अंगावर काढायचं नाही

संध्याकाळी दोन्ही पाय सुजणं नेहमीचं. एकच पाय सुजला, दुखला, लाल झाला, किंवा दम लागला, तर तडक हॉस्पिटल. तसंच चेहरा-हात अचानक सुजणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, ठराविक अंतराने कळा, बाळाची हालचाल कमी होणं किंवा ताप यांपैकी काहीही झालं तरी. जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता आणि तिथला आपत्कालीन नंबर पोचल्याच्या दिवशीच सोबतच्या माणसाच्या फोनमध्येही भरून ठेवा.

परत आल्यावर काही आठवड्यांनी ताप आला, तरी कुठल्या देशात जाऊन आलात ते डॉक्टरांना आपणहून सांगा. मलेरिया उशिराही डोकं वर काढतो.