अनोळखी संकरित लिंबूवर्गीय फळाचं वर्णन करताना या चुका टाळा

अनोळखी फळ हातात आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "संत्रं आणि पपनस यांच्या मधलं काहीतरी." वाचणाऱ्याला यातून ना आकार कळतो, ना चव. नुसतं 'संकरित' म्हणूनही काही साधत नाही, कारण रोजची मोसंबीसुद्धा मुळात पपनस आणि मँडरिन (सैल सालीचं संत्रं) यांच्या संकरातूनच आलेली आहे.

रूपावरून आईबाप ठरवणं ही सगळ्यात मोठी चूक. मिनिओला टँजेलोचं उदाहरण घ्या (टँजेलो म्हणजे टँजरीन, म्हणजेच मँडरिनचा एक प्रकार, आणि ग्रेपफ्रूट किंवा पपनस यांचा संकर). डंकन ग्रेपफ्रूट आणि डॅन्सी टँजरीन यांचा हा संकर फ्लोरिडात 1931 साली लागवडीसाठी दिला गेला. रंग गडद केशरी, देठाकडे मान काढल्यासारखा उंचवटा. ग्रेपफ्रूटचा मागमूसही दिसत नाही. उलट 17व्या शतकात फ्लॉरेन्समध्ये सापडलेल्या 'बिझारिया'च्या एकाच फळावर महाळुंग आणि कडू संत्रं असे दोन्हींचे पट्टे दिसतात, पण तो संकर नाहीच. कलमाच्या जोडावर दोन्ही झाडांच्या पेशी शेजारीशेजारी वाढल्या, इतकंच. तेव्हा लागवडीची नोंद किंवा जनुकीय तपासणी हाताशी नसेल, तर 'अमक्यासारखं दिसतं' एवढ्यावरच थांबा.

साल हिरवी म्हणून फळ कच्चं, असं लिहू नका. रात्री गार नसतील तर पिकलेल्या फळाची सालही हिरवीच राहते. सालीचा आणि गराचा रंग वेगवेगळा नोंदवा.

फळ आडवं कापा, उभं नव्हे. फोडी मोजता येतात, मधला दांडा भरीव की पोकळ ते दिसतं, सालीखालचा पांढरा कापसासारखा थर पट्टीने मोजता येतो. 'साल जाड' म्हणण्यापेक्षा मिलिमीटर लिहा. एखाद्या बीचं टरफल काढून आतली डाळ बघायला बहुतेक जण विसरतात: मँडरिनमध्ये ती सहसा हिरवट असते, पपनसात पांढरी. बियांची संख्या मात्र एका फळावरून सांगू नका. मिनिओलाच्या शेजारी परागकण देणारं दुसऱ्या जातीचं झाड असेल तर बिया वाढतात. चार-पाच फळं कापा.

चवीच्या बाबतीत 'आंबटगोड' हा शब्द मी तरी बाद केला आहे. लिंबूवर्गातल्या कुठल्याही फळाला तो चिकटवता येतो. आधी फोडीचं पातळ आवरण सोलून नुसता गर चाखा, मग आवरणासकट. ग्रेपफ्रूटच्या वळणाच्या फळांत बराचसा कडवटपणा आवरणात आणि पांढऱ्या थरात असतो. तुरट आणि कडू यांची गल्लत नको. तुरटपणाने तोंड ओढलं जातं, कडूपणाने नाही. एकदा रस काढल्याकाढल्या मी 'कडवटपणा अजिबात नाही' असं लिहून मोकळा झालो. तोच रस संध्याकाळी तोंडात धरवेना. काही फळांच्या रसात बेचव घटकापासून लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होतं, म्हणून चवीशेजारी वेळही लिहायची.

नावांचं थोडक्यात: 'अग्ली' हे जमैकाच्या एका विशिष्ट फळाचं व्यापारी नाव आहे, प्रत्येक सुरकुतलेल्या टँजेलोचं नव्हे.

आणि ग्रेपफ्रूट किंवा पपनसाच्या वंशातल्या फळाबद्दल 'औषधांबरोबर चालतं' असं स्वतःच्या अंदाजाने कधीही लिहू नका. या फळांतल्या फ्युरानोकौमरिन नावाच्या नैसर्गिक रसायनांमुळे काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.