‘सेव्ह ॲज’ दाबलं की कॉम्प्युटर अडकतो? आधी तो कुणाची वाट पाहतोय ते शोधा

कंट्रोल-ओ दाबलं. पांढरी चौकट आली, माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’, आणि निळं वर्तुळ गरगरत बसलं. वीस-बावीस सेकंदांनी फोल्डर दिसले, फाइल उघडली, पुढे सगळं सुरळीत. थोड्या वेळाने दुसरी फाइल उघडायला किंवा ‘सेव्ह ॲज’ करायला गेलात की पुन्हा तेच, कारण चौकट तीच.

यावर मिळणारे सल्ले ठरलेले असतात. रॅम वाढवा, टेम्प फाइली उडवा, रजिस्ट्री (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे ठेवतं ती जागा) साफ करणारं काहीतरी टाका, नाहीतर फॉरमॅट मारा. डीटीपीवाल्यांची आणि सीएंची ऑफिसं सांभाळताना या एका तक्रारीपायी फॉरमॅट मारलेली मशिनं मी पाहिली आहेत, आणि आठवड्याभरात तिथे पुन्हा तेच वर्तुळ फिरतानाही. रॅम कमी असती तर सगळंच रडतखडत चाललं असतं. फक्त फाइलची चौकट अडकत असेल, तर विंडोज बहुधा कुठल्यातरी जागेच्या उत्तरासाठी थांबलंय. ती जागा तेवढी शोधायची. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे.

आधी दोन चाचण्या

नोटपॅड उघडून कंट्रोल-ओ दाबा. तिथे चौकट झटकन आली आणि तुमच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्येच अडकत असेल, तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅमपुरता आहे. नोटपॅडही अडकलं तर नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा आणि पुन्हा दाबा. आता चौकट लगेच आली? मग चोर नेटवर्कवर आहे. नेटवर्कच नाही म्हटल्यावर विंडोज वाट पाहत नाही, लगेच हात वर करतं.

मेलेली जागा शोधणं

माझी सगळ्यात जास्त हजामत इथे झाली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नेहमीचा प्रकार असा. आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरचं फोल्डर कुणीतरी ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवलेलं असतं, आणि तेही आयपी क्रमांकाने, म्हणजे त्या मशीनच्या नेटवर्कातल्या पत्त्याने: १९२.१६८.१.५. मग इंटरनेटवाला नवा राउटर बसवतो आणि घरातले सगळे क्रमांक १९२.१६८.०ने सुरू होतात. जुना क्रमांक आता आपल्या नेटवर्कात नाही, म्हणून विंडोजची हाक राउटरच्या पलीकडे जाते आणि तिकडेच विरते. ‘नाही’ असंसुद्धा कुणी म्हणत नाही. विंडोज पुन्हापुन्हा हाक मारून विसेक सेकंदांनी नाद सोडतं. तुमची वीस-बावीस सेकंदं ती हीच.

कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडा, ‘नेट’ आणि ‘यूज’ हे दोन शब्द इंग्रजीत मधे जागा सोडून टाइप करा आणि एंटर मारा. जोडलेले ड्राइव्ह समोर येतील. पण कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडू नका. सवयीने मी नेमकं तेच करायचो. विंडोजच्या लेखी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली खिडकी हा वेगळा लॉगिन असतो, आणि साध्या लॉगिनमध्ये जोडलेले ड्राइव्ह तिथे एरवी दिसतच नाहीत. यादी रिकामी पाहून ‘नेटवर्कचा काही संबंध नाही’ असं मी एका प्रेसच्या मालकांना ठासून सांगितलं आणि अख्खी संध्याकाळ अँटिव्हायरस काढण्या-घालण्यात घालवली. झेड तिथेच होता, लाल फुलीसकट.

यादीत ‘डिस्कनेक्टेड’ दिसलं म्हणून लगेच कुऱ्हाड चालवू नका. पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही तर समोरचं मशीन जोडणी स्वतःहून सोडतं, हात लावला की परत धरतं. त्या ड्राइव्हवर डबल-क्लिक करा. उघडला तर जिवंत आहे. नाही उघडला तर राइट-क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’. फोल्डर अजून हवं असेल तर पुन्हा जोडताना क्रमांक न देता त्या कॉम्प्युटरचं नाव द्या.

आणि एवढ्यावर थांबू नका. ड्राइव्ह काढूनही चौकट अडकते, कारण तोच मेलेला पत्ता आणखी तीन ठिकाणी दडलेला असतो. एक, डावीकडच्या ‘क्विक ॲक्सेस’मध्ये पिन केलेली फोल्डर, एकेक ‘अनपिन’ करा. दोन, अलीकडच्या फाइलींची यादी. फाइल एक्सप्लोररच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘प्रायव्हसी’खाली ‘क्लिअर’ दाबा. याने पिन केलेलं जात नाही, म्हणून दोन्ही करायचं. तिथेच वर ‘ओपन फाइल एक्सप्लोरर टू’मध्ये ‘धिस पीसी’ निवडा. तीन, डेस्कटॉपवरचे जुने शॉर्टकट.

शिवाय प्रत्येक प्रोग्रॅम शेवटचं फोल्डर लक्षात ठेवतो. ते बदलायला रजिस्ट्रीत शिरायची गरज नाही. एकदा कळ काढा, चौकट उघडू द्या, डॉक्युमेंट्समधली एखादी फाइल उघडा. पुढच्या वेळी तो तिथूनच सुरू होईल.

नेटवर्क निर्दोष असेल तर

चौकट प्रोग्रॅमच्या पोटात उघडते आणि राइट-क्लिकच्या यादीत इतर प्रोग्रॅमनी घुसवलेली जोडणी, म्हणजे झिप, पीडीएफ, क्लाउड वगैरे, आपल्यासोबत आत ओढते. त्यातलं एक बिघडलं की सगळं अडलं. निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू हे फुकट साधन घ्या, मायक्रोसॉफ्टची नसलेली निम्मी जोडणी बंद करा आणि तपासा. फरक पडला तर चोर त्या निम्म्यांत, नाहीतर उरलेल्यांत. असं निम्मंनिम्मं करत जा. मायक्रोसॉफ्टच्या जोडण्यांना हात लावायचा नाही, कितीही संशय आला तरी.

किरकोळ

फक्त डाउनलोड्स फोल्डर संथ असेल तर त्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, आणि तिथे ‘जनरल आयटम्स’ निवडा. वर्ड-एक्सेलमध्ये एफ१२ दाबलं की मधलं मोठं पान टळून थेट चौकट येते. संथपणा जात नाही, पण डोकं कमी तापतं.

आणि चौकट उघडताना कॅबिनेटला कान लावा. गुर्र असा आवाज येऊन मगच फोल्डर दिसत असतील, तर झोपलेली हार्ड डिस्क जागी होतेय. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ बहुधा २० मिनिटांवर असतं, ते शून्य करा. यूएसबीच्या काही डिस्क हेही जुमानत नाहीत, त्यांचं झोपायचं घड्याळ स्वतःचं असतं. अशी डिस्क बॅकअपपुरती जोडा, मग ‘इजेक्ट’ करून खणात ठेवा.